बारा घोड्या आणि एक इंग्रजी पत्र

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी तिथे हजर होतो. भिंतीला पाठ टेकून बसलो होतो.

म्हणजे, त्या दिवशी मी सोलापुरात एका साखरपुड्याला होतो. पण भिंत तिथेच होती. आणि ज्याने मला हे सांगितलं तो खोटं बोलणाऱ्यांतला नाही. तो मुळात बोलणाऱ्यांतलाच नाही. त्यामुळे जिथे तो गप्प बसला, तिथे मी थोडं बोललो आहे.

असो.

"पॅशनेटली म्हणजे काय म्हणालास?"

चाचांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातातली कानस चालूच होती.

"तळमळीनं, चाचा."

"तळमळ मला रोज होती. वांगं खाल्लं की."

"तशी नव्हे. आतून वाटते ती."

"तीबी आतूनच होती रे."

आतल्या दाराशी बसलेली आपा हसली.

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत बंदेनवाज चाचा तानपुरे बनवतात. छताला वाळके भोपळे टांगलेले, जमिनीवर भुसा, आणि आतल्या दाराशी चाचांची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली आपा म्हणते. ती चहा करते, तारांची वेटोळी गुंडाळते आणि कुणी न विचारता मत देते.

चाचा सत्तरीपुढचे. त्यांची एक रीत आहे. तानपुऱ्याच्या पोटावर एक छोटासा पाट असतो, खाली लाकूड आणि वर हाड. त्याला घोडी म्हणतात. चारही तारा तिच्यावरून जातात. तिचा माथा कानशीने असा घासायचा, की तार त्यावर टेकते आणि टेकतही नाही. ते जमलं की तार एकदा छेडली तरी बराच वेळ बोलत राहते. यालाच जवारी म्हणतात. जवारी लागली, की चाचा घोडी उलटी करून तिच्या तळाला टोच्याने आपली सही कोरतात. तीन वळणांची, उर्दूत. मग घोडी जागेवर बसते आणि ती सही पुन्हा कुणाला दिसत नाही.

जवारी लागली नाही, तर सही नाही.

समोर कागद घेऊन बसला होता तो प्रभंजन हेर्लेकर. वय एकोणतीस. इंग्रजी घेऊन एमए, पहिला वर्ग. शनिवार-रविवार सांगलीत मुलाखतीच्या इंग्रजीचा क्लास घ्यायचा आणि उरलेले पाच दिवस चाचांकडे वाद्यं बनवायला शिकायचा. चौदा महिने झाले होते. इंग्लंडात वाद्यं बनवायला शिकवणारी एक शाळा आहे. तिथे दरवर्षी बाहेरच्या देशातल्या एकाला जागा मिळते, राहण्या-जेवणासकट. त्याने दोनदा अर्ज केला होता आणि दोनदा नकार आला होता. तिशी ओलांडली की अर्ज चालत नाही.

म्हणजे ही शेवटची खेप. फॉर्म संध्याकाळी सहाला बंद होणार होता, आणि त्याला उस्तादाचं शिफारसपत्र जोडायचं होतं.

आता आपल्याकडे शिफारसपत्र कसं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचं असतं त्यानेच ते लिहायचं. मोठ्या माणसाने सही करायची आणि वर चहा पाजायचा. प्रभंजननेही रात्रभर बसून स्वतःची शिफारस स्वतःच लिहून आणली होती.

त्याने घसा साफ केला आणि पुढचं वाक्य वाचलं.

"ही टायरलेसली वर्क्स अंडर माय गायडन्स."

"मराठीत."

"तो माझ्या हाताखाली न थकता काम करतो."

"कोण?"

"मी."

"आन् मी कोण?"

"तुम्ही लिहिताय हे, चाचा."

"मी लिहितोय." चाचांनी मान डोलावली. "बरं झालं सांगितलंस."

कानस दोनदा फिरली.

"काल दुपारी लाकडाच्या ढिगावर कोण झोपलं होतं?"

"... मी."

"का?"

"थकलो होतो."

प्रभंजनने ते वाक्य सोडून पुढचं धरलं.

"ही व्होलहार्टेडली डिव्होट्स हिमसेल्फ... म्हणजे, संपूर्ण मनानं वाहून घेतो."

"काम करताना मोबाईल कुठं ठेवतोस रे?" हे आपाने विचारलं.

"मांडीखाली."

"मग लिही की तसं. निम्मं मन वर, निम्मं मांडीखाली."

प्रभंजनचे कान लाल झाले. तो क्लासमध्ये चाळीस जणांना शिकवणारा माणूस. त्याने कागद गुडघ्यावर सरळ केला आणि मास्तरांच्या आवाजात सांगितलं,

"चाचा, इंग्रजीत असंच लिहावं लागतं. तिथं दोनशे अर्ज येतात. नुसतं 'काम करतो' लिहिलं तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. मी माझ्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. क्रियापदाला एकटं बाहेर सोडायचं नाही. सोबत कुणीतरी द्यायचं."

"वयात आलेली पोरगी हाय काय ती?" आपा म्हणाली.

प्रभंजनने पिशवीतून वही काढली. तळमळ, कष्ट, निष्ठा, जिद्द, सगळ्यांचे इंग्रजी शब्द त्याने त्यात जमवले होते. अर्नेस्टली, फर्व्हंटली, डिलिजंटली... एकूण त्रेचाळीस. एकेकापुढे मराठी अर्थ, लाल शाईत.

"एका पानात एकोणीस बसवलेत," तो म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता.

"ही तळमळ आन् ही कळकळ, ह्यात फरक काय?" चाचांनी वहीवर बोट ठेवलं.

"तळमळ स्वतःला होते. कळकळ दुसऱ्याबद्दल वाटते."

"हं. आन् घोडीला ते कसं कळतं?"

प्रभंजनने वही मिटली. त्याने मोबाईलमध्ये पाहिलं. साडेअकरा. काही लोक पावणेबारा म्हणतात. अर्थात ही गोष्ट सांगणारा मी एकटाच आहे.

"चाचा, सही करता ना?"

"करू की. आधी दाखव."

"काय?"

चाचांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. शिकायला म्हणून एक जुना तानपुरा कोपऱ्यात असायचा, तो ओढून घेतला. घोडी नवी होती. माथा निम्मा घासलेला, खूण केलेली. ती त्यांनी प्रभंजनच्या हातात दिली, आणि कानसही.

"घास."

प्रभंजन घासू लागला. घस... घस...

"थांब. आता पॅशनेटली घास."

"चाचा, तसं नसतं ते."

"तू लिवलंयस. मी इंग्रजी न येणारा माणूस. मला बघून कळंल."

प्रभंजनने ओठ आवळले. पाठ ताठ केली, खांदा पुढे घेतला आणि घासू लागला. घस्स. घस्स. कपाळावरची शीर उभी राहिली.

"आपा, काय फरक?"

"तोंड वाकडं झालं."

"अजून?"

"कानस कोकलायला लागली."

"आता टायरलेसली," चाचा म्हणाले.

"हे तुम्ही मुद्दाम करताय."

"सही मागतोयस, मुद्दामच करणार. घास."

प्रभंजन चिडला होता. चिडलेला माणूस आणि बारीक कानस एकत्र आले की काय होतं, ते गल्लीत कुणालाही विचारा. तो दहा मिनिटं थांबला नाही. मग चाचांनी हात वर केला. घोडी तानपुऱ्यावर बसवली, तार चढवली, खुंटी पिळली आणि एका बोटाने छेडली.

ठप्प.

पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला आणि लगेच मेला.

चाचांनी घोडी काढून उजेडात धरली. माथ्यावर मधोमध खड्डा पडला होता. नखाएवढा. जास्त घासलेलं हाड परत येत नाही.

"बारावी," ते म्हणाले.

मग फळीवरून बिस्किटांचा एक जुना डबा काढला आणि भुश्यावर उपडा केला. आतून अकरा घोड्या पडल्या. सगळ्यांच्या माथ्यावर खड्डा. चाचांनी एकेक उलटी करून मांडली. तळाला सहीच्या जागी पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती.

"ह्या... माझ्या?"

"दुसऱ्या कुणाच्या? बाकी कोण इतक्या बिघडवतंय?"

"ठेवल्यात तुम्ही?"

"टाकायच्या कशाला. तुझ्या पत्रात एकबी आली न्हाई. मला वाटलं, विसरलास."

प्रभंजन त्या रांगेकडे पाहत राहिला. मार्चातली एक. जूनमधल्या दोन, लागोपाठच्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची एक. ती बिघडली तेव्हा तो मागच्या अंगणात जाऊन तासभर उभा होता. कुणी पाहिलं नाही असं त्याला वाटलं होतं.

चाचांनी हातातल्या बाराव्या घोडीवर त्या दिवसाची तारीख लिहिली आणि रांगेच्या शेवटी ठेवली.

"हे लिही पत्रात," ते म्हणाले.

"हे?"

"हां."

"चाचा, हे लिहिलं तर मला कोण घेईल?" त्याचा आवाज चढला नव्हता, बारीक झाला होता. "वय चाललंय माझं. घरी सगळे म्हणतात, एमए होऊन भोपळे कोरतोस. दोनदा नकार आला. यंदा नाही झालं तर पुढं विचारायची सोय नाही. तुम्हाला सही करायचीच नसेल तर तसं सांगा. डबे कशाला उपडे करता?"

चाचांनी रांगेतली एक घोडी सरळ केली.

आपा तार गुंडाळत राहिली.

प्रभंजन उठला. दाराशी गेला. उन्हात उभा राहिला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्या शाळेला लागणारा चाचांचा ई-मेल प्रभंजननेच उघडून दिला होता. पासवर्ड त्यालाच ठाऊक. कागदावर तीन वळणांची सही असली की झालं. तिकडे इंग्लंडात ती कोण ओळखणार होतं?

हे त्याच्या मनात आलं. मनात आलेलं पाठीवर दिसतं म्हणतात. ते खरं की काय ठाऊक नाही, पण आपा म्हणाली,

"सही येती की तुला त्याची. मागच्या आठवड्यात वर्तमानपत्रावर गिरवत होतास. रद्दीत बघितली मी."

प्रभंजन वळला नाही.

"चांगली आलीय," आपा पुढे म्हणाली. "दुसरं वळण जरा आखूड झालंय."

बाहेरून एक सायकल गेली.

"आत ये," चाचा म्हणाले.

तो आला. चाचांनी बारावी घोडी उचलली. पेन्सिलीची तारीख अंगठ्याने पुसली. मग सही कोरायचा टोच्या त्याच्या हातात दिला.

"कागदावर कर खुशाल. मी कुठं बघायला येणार हाय. पण आधी हिच्यावर कर."

"हिच्यावर?"

"तळाला. माझी सही. तीन वळणं."

"चाचा, ही वाजत नाही."

"कुणाला दिसतंय?"

प्रभंजनने घोडी उलटी धरली. टोच्याचं टोक लाकडावर टेकवलं. पहिलं वळण खालून वर जातं. तेवढंच करायचं होतं.

त्याच्या क्लासमध्ये तो पोरांना सांगायचा, मुलाखतीत हात थरथरला तर पेन टेबलावर ठेवा.

त्याने टोच्या खाली ठेवला.

"होत नाही," तो म्हणाला.

"का?"

"ही वाजत नाही."

"कागदावर झाली असती?"

त्याने घोडी रांगेत परत ठेवली.

"... झाली असती."

चाचांनी भुश्यातून कानस उचलली, तोंडाने फुंकर मारली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

प्रभंजनने मोबाईल मांडीखालून काढला. आत जाऊन आपाच्या डब्यांमागे ठेवून आला.

"नवी घोडी द्या."

"सहाला फॉर्म बंद होतोय म्हणालास."

"हो. द्या."

बारा वाजले होते. त्याने घासायला सुरुवात केली.

घस. थांब. बघ. घस.

चारदा घासलं की घोडी जागेवर बसवायची, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची. जेवणाची वेळ झाली. आपाने भाकरी आणि पालकाची भाजी आणून ठेवली. त्याने खाल्ली. खाल्ल्यावर पेंग आली. तो भिंतीला टेकून वीस मिनिटं झोपला, उठला, तोंड धुतलं आणि परत बसला. कुणी त्याला उठवलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत शिष्य झोपत नाही अशी लोकांची समजूत असते.

तीन वाजता तार थोडी हलली. बोलली नाही, पण मेलीही नाही.

त्याने घाईने सुताचा एक धागा घेतला. घोडीवर तारेखाली असा धागा सरकवतात. योग्य जागी आला की तार उघडते.

"न्हाई," चाचा म्हणाले.

"थोडीशी लागलीय, चाचा. दोरा घातला तर खुलेल."

"तार लागल्यावर दोरा. आधी घातलास तर दोराच ऐकू येतोय."

त्याने धागा कानावर अडकवला आणि कानस घेतली.

चार वाजले. हाताला फोड आला, त्यावर आपाने हळद लावली आणि म्हणाली, "नाजूक हायस." त्याने मान डोलावली. घस. थांब. बघ. आता तो दोनदा घासलं की ऐकत होता. मग प्रत्येक वेळी.

पाच वाजून गेले असतील. त्याने तार छेडली.

ती बोलली.

एकच तार. चारांपैकी पहिली. ती बोलली आणि बोलत राहिली. छताच्या भोपळ्यांत तिचा आवाज जाऊन बसला. आपाचा हात वेटोळ्यावर थांबला. प्रभंजनने कानावरचा धागा काढला, तारेखाली सरकवला, केसभर मागे, केसभर पुढे... आवाज रुंद झाला.

त्याने दुसरी तार छेडली. ठप्प. तिसरी, ठप्प. चौथी तर खणखणली, फुटक्या पेल्यासारखी.

"एकच लागली," तो म्हणाला.

"एकच लागली," चाचा म्हणाले.

प्रभंजन उठला. आपाच्या डब्यांमागून मोबाईल काढून पाहिला. पाच वीस. त्याने आपली वही उघडली, मागचं कोरं पान फाडलं आणि भुश्यावर बसकण मारली.

"सांगा, चाचा. तुम्ही सांगा, मी इंग्रजीत घालतो. तुमचंच लिहितो."

चाचांनी डोळे मिटले.

"हा माणूस हळू शिकतोय."

पेन थांबलं. मग चाललं.

"चौदा म्हयन्यात बारा घोड्या बिघडवल्या. दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आला."

"... लिहिलं."

"थकतोय. झोपतोय. उठला की परत बसतोय."

"चाचा, थकतो हे पण?"

"थकत न्हाईस?"

"लिहिलं."

"माझी सही काढायला शिकलाय."

प्रभंजनने वर पाहिलं.

"लिही. पुढं हाय. शिकलाय, पण न वाजणाऱ्या घोडीवर काढता आली न्हाई."

पेन कागदावर बराच वेळ टेकून राहिलं. मग ते वाक्यही उतरलं.

"आज तेरावी घोडी केली. एक तार लागली. तीन लागल्या न्हाईत."

"आणि?"

"आन् काय? झालं."

पाच ओळी झाल्या होत्या. प्रभंजनने वहीकडे पाहिलं. त्रेचाळीस शब्द लाल शाईत ओळीने उभे होते.

"चाचा... एखादा घालू का? एकच. 'अर्नेस्टली'. फार मोठा नाही."

"वाच. वाजतंय का बघू."

त्याने तो शब्द घालून इंग्रजी मोठ्याने वाचलं. मग न घालता वाचलं. दोन्ही वेळा चाचा आणि आपा ऐकत होते, आणि दोघांनाही इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता.

"दुसऱ्या वेळचं," आपा म्हणाली.

"का?" प्रभंजनने विचारलं.

"पहिल्या वेळी परत तोंड वाकडं झालं."

चाचांनी हात पुढे केला. पेन घेतलं. कागदाच्या तळाला सही केली, तीन वळणांची, दुसरं वळण भरपूर लांब.

"घोडीवर नाही केली," प्रभंजन म्हणाला.

"घोडीची एकच तार बोलती. कागद पुरा बोलतोय."

त्याने फोटो काढला. पाठवला. पाच चोपन्न झाले होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जागा मिळाली होती. तिथल्या मुख्य बाईंनी स्वतः लिहिलं होतं, की दोनशे पत्रं वाचली, दोनशेच्या दोनशे माणसं तळमळणारी, बारा घोड्या बिघडवणारा मात्र एकच. प्रभंजन विमानात बसला. तिकडच्या बर्फात तानपुरा घेऊन उभा असल्याचा त्याचा फोटो चाचांच्या दुकानात खिळ्याला लावलेला आहे...

हा तेवढा भाग मी रचला.

बाकी सगळं खरं. माझा स्वभावच तसा आहे. ऐकणारा चहा सांगणार असेल, तर मी गोष्टीतल्या माणसाला निदान विमानापर्यंत तरी पोचवतो. बाई नाहीत, बर्फ नाही, खिळा आहे पण त्याला पिशवी लटकते.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, हे खरं. सकाळची वेळ होती. प्रभंजन तेरावी घोडी समोर घेऊन बसला होता, कारण चाचांनी त्याला चौदावी दिली नव्हती. मोबाईल आपाच्या डब्यांमागे वाजला. तिनेच तो आणून दिला.

त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"मोठ्यानं," चाचा म्हणाले.

"वुई डीपली अँड सिन्सिअरली रिग्रेट..."

"मराठीत."

"आम्हाला खोलवर आणि मनापासून वाईट वाटतं." तो थांबला. "पुढं म्हणतात, तुमचा अर्ज आम्ही अत्यंत काळजीपूर्वक वाचला. आणि शेवटी परत एकदा, मनापासून."

"म्हंजे जागा दिली न्हाई."

"नाही दिली."

आपा चहा ठेवायला आत गेली. स्टोव्हचा आवाज आला.

प्रभंजनने मोबाईल हातात धरला होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. चाचांनी तो घेतला, फळीवर ठेवला आणि त्याच्या पुढ्यात कानस सरकवली.

"बस," ते म्हणाले. "तीन तारा राहिल्यात."